नळीतला गर्भ, पिशवीतला तुकडा

पाळी चुकून पंधरा दिवस होऊन गेलेत. लघवीची चाचणी पॉझिटिव्ह आहे. अंगावरून थोडं थोडं जातंय, ओटीपोटात एका बाजूला कळ येतेय, आणि सोनोग्राफीत पिशवी रिकामी दिसतेय. दिवस गेलेत हे नक्की, पण गर्भ कुठे आहे ते कळत नाही. अशा वेळी तीन शक्यता उरतात. गर्भ पिशवीतच आहे, पण दिसण्याइतका वाढलेला नाही. पिशवीतला गर्भ खराब होऊन पडलाय किंवा पडतोय. नाहीतर तो नळीत रुजलाय. पहिल्या शक्यतेत थांबायचं असतं, दुसरीत फारशी घाई नसते, तिसरीत मात्र उशीर जिवावर बेततो. दर शंभर गर्भधारणांत एक ते दोन पिशवीबाहेर रुजतात आणि त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक नळीत असतात.

हा गुंता सोडवायचा एक जुना मार्ग म्हणजे पिशवीतलं अस्तर काढून तपासायचं. त्यामागचा विचार साधा आहे. गर्भ जिथे रुजतो तिथे वारेचे बारीक अंकुर, डॉक्टरांच्या भाषेत व्हिलाय, तयार होतात. पिशवीतून काढलेल्या तुकड्यात ते सापडले तर गर्भ पिशवीत होता, प्रश्न मिटला. नाही सापडले तर संशय नळीवर. कागदावर हे इतकं नीटस दिसतं, की अनेक वर्षं त्याच्यावर डोळे झाकून विसंबलं गेलं. खरा हिशोब तितका सरळ नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो: ही तपासणी ‘हो’ म्हणते तेव्हा तिच्यावर भरवसा ठेवावा, ‘नाही’ म्हणते तेव्हा तिला एकटीला कधीही निकाल देऊ देऊ नये. आणि अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यात, जिथे एका टोकाच्या राजूरहून जिल्ह्याचं ठिकाण सव्वाशे किलोमीटरच्या पुढे आहे, तिथे हा फरक पाठ्यपुस्तकापुरता राहत नाही.

सोनोग्राफी नव्हती त्या काळात डॉक्टरांपाशी हात, सुई आणि सूक्ष्मदर्शक एवढंच होतं. १९५४ मध्ये पेरू देशातल्या हाविएर आरियास-स्तेया या विकृतीशास्त्रज्ञाने गर्भधारणेत पिशवीच्या अस्तरातल्या पेशींत होणारा एक ठरावीक बदल वर्णन केला. गर्भ नळीत असला तरी पिशवीच्या अस्तरात हा बदल दिसतो, म्हणून तो दिसला आणि अंकुर नसले की नळीतला गर्भ, असा निष्कर्ष काढण्याचा मोह पुढे बराच काळ टिकला. पण हाच बदल साध्या गर्भपातातही दिसतो आणि नळीतल्या गर्भाच्या पुष्कळ रुग्णांत दिसतच नाही. आजही एखाद्या अहवालात हे नाव आलं की नातेवाईक घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच, की शरीराला गर्भधारणेच्या संप्रेरकांची चाहूल लागली होती. गर्भाचा पत्ता त्यातून कळत नाही.

ऐंशीच्या दशकापासून रक्तातल्या बीटा एचसीजी या गर्भधारणेच्या संप्रेरकाची मोजणी आणि सोनोग्राफी एकत्र वापरली जाऊ लागली. एचसीजी अमुक आकड्याच्या वर गेलं आणि तरीही पिशवी रिकामी, तर संशय घ्यायचा, असा नियम बसला. पोटावरून होणाऱ्या सोनोग्राफीच्या काळात तो आकडा ६५०० होता, योनीमार्गे सोनोग्राफी आल्यावर १५०० ते २००० वर आला. पुढे लक्षात आलं, की इतक्या खालच्या आकड्यावर घाई केली तर हवा असलेला, निरोगी गर्भही हकनाक बळी पडतो. म्हणून अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये ही मर्यादा ३५०० पर्यंत वर ठेवावी असं सुचवलं. दोन दिवसांच्या अंतराने एचसीजी किती वाढलं ते पाहणं आजही सर्वात उपयोगाचं. फक्त दोन्ही वेळा लॅब तीच हवी. एक रक्त शेवगावात आणि दुसरं पुण्यात दिलं, तर त्या दोन आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नसतो. हे साधं वाटतं, पण नेमकं इथेच चुकतं.

आता मुख्य प्रश्न. सोनोग्राफीत काही दिसत नाही, एचसीजी धड वाढत नाही आणि धड उतरत नाही, म्हणजे गर्भ जगणारा नाही एवढं ठरलं. अशा वेळी पिशवीचा तुकडा काढून काय हाती लागतं?

बरंच लागतं. अमेरिकेतल्या कर्ट बार्नहार्ट आणि सहकाऱ्यांचं २००२ मधलं काम या बाबतीत डोळे उघडणारं आहे. एचसीजी आणि सोनोग्राफीवरून ज्यांना ‘नळीत गर्भ’ असं गृहीत धरलं गेलं होतं, अशा बायकांची पिशवी साफ करून तपासली, तेव्हा जवळपास ४० टक्के जणींचा गर्भ पिशवीतच होता आणि तो पडत होता. म्हणजे तुकडा न काढता थेट मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन टोचलं असतं, तर दहातल्या चौघींना गरज नसलेलं, पेशींची वाढ थांबवणारं औषध मिळालं असतं. वर ‘एकदा नळीत गर्भ राहिला होता’ हा शिक्का कायमचा. पुढच्या प्रत्येक बाळंतपणात तो शिक्का डॉक्टरला आणि सासूला, दोघांनाही दिसत राहतो. तुकडा काढण्याच्या बाजूने याहून भक्कम युक्तिवाद मला दिसत नाही.

पण तुकडा कसा काढला यावर सगळं अवलंबून आहे. भूल देऊन केलेलं क्युरेटिंग, म्हणजे पिशवी आतून खरवडणं, किंवा हाताने ओढायच्या एमव्हीए सिरिंजने पिशवी पूर्ण रिकामी करणं ही एक गोष्ट. बाह्यरुग्ण विभागात, भुलीशिवाय, पिपेल नावाच्या काडीइतक्या बारीक प्लास्टिक नळीने अस्तराचा नमुना ओढून घेणं ही दुसरी. दुसरी पद्धत स्वस्त, सोपी आणि मोहात पाडणारी. मात्र गर्भ पिशवीत असतानाही पिपेलने अंकुर हाती लागण्याचं प्रमाण एका छोट्या अभ्यासात ६० टक्के आणि दुसऱ्यात अवघं ३० टक्के निघालं. आणि पूर्ण क्युरेटिंगही काही शंभर टक्के नाही. पिशवीतल्याच गर्भाचा गर्भपात केलेला असूनही पाचातल्या एका नमुन्यात अंकुर दिसत नाहीत, असं मानलं जातं.

हे आकडे नुसते वाचून सोडले तर त्यांचा नेम कळत नाही. समजा, संशय असलेल्या १०० बायका आहेत. ६० जणींचा गर्भ पिशवीत होता आणि खराब झालाय, ४० जणींचा नळीत आहे. सगळ्यांचं क्युरेटिंग केलं. साठांपैकी ४८ जणींत अंकुर सापडतील आणि त्या मोकळ्या होतील. उरल्या ५२. त्यांतल्या ४० जणींचा गर्भ खरंच नळीत आहे, म्हणजे अंकुर न सापडलेल्यांपैकी ७७ टक्के. आता याच शंभर जणींना पिपेल लावा आणि तीस टक्क्यांचं प्रमाण धरा. अठरा जणी सुटतील, ८२ उरतील, त्यांत नळीतल्या गर्भाच्या ४०. म्हणजे ४९ टक्के. तपासणीआधी शक्यता ४० टक्के होती, तपासणीनंतर ४९. एवढ्या नऊ टक्क्यांसाठी बाईला टेबलावर घेतलं आणि हाती जवळजवळ काहीच आलं नाही. पिपेल कर्करोगाच्या संशयात उत्तम साधन आहे; या कामासाठी ते नव्हे.

नमुना हाती आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय होतं, हा भाग लेखांत आणि परिषदांत दुर्लक्षित राहतो. काढलेलं सगळं थेट फॉर्मलिनच्या बाटलीत गेलं, तर उत्तर काही दिवसांनी येणार. तेच आधी चाळणीत धुवून, रक्ताच्या गुठळ्या काढून, काचेच्या उथळ भांड्यात सलाइनमध्ये सोडलं आणि खालून उजेड दिला, तर अंकुर पुष्कळदा तिथेच ओळखू येतात: पिंजलेल्या कापसासारखे पांढरट, फांद्या फुटलेले, सलाइनमध्ये मोकळे तरंगणारे. नुसतं अस्तर असेल तर ते सपाट, गुळगुळीत, पत्र्यापत्र्यांनी दिसतं. याला लागतं काय? एक भांडं, एक सलाइनची बाटली, एक दिवा आणि पाहायची सवय. गर्भ फार लहान असेल तर नजर फसते, म्हणून सूक्ष्मदर्शकाखालचा अहवाल हवाच. पण ग्रामीण रुग्णालयात, जिथून नमुना दुसऱ्या गावच्या लॅबला जातो, तिथे ही पाच मिनिटं सोन्याच्या मोलाची. गोठवलेल्या नमुन्याचा तासाभरात अहवाल देणारी सोय मोठ्या रुग्णालयांपुरतीच असते. तिची वाट पाहत तालुक्याला बसता येत नाही.

भांड्यात पाहण्याचा आणखी एक फायदा आहे. नळीत गर्भ असताना कधीकधी पिशवीचं अस्तर अखंड सुटून, पिशवीच्या आतल्या पोकळीच्या आकाराचा तिकोनी मांसल तुकडा होऊन बाहेर पडतो. घरचे म्हणतात, ‘सगळं पडून गेलं.’ बाईलाही हायसं वाटतं. दवाखान्यात तो तुकडा कुणी नीट न पाहता ‘गर्भपात पूर्ण’ असं लिहिलं, की ती घरी जाते आणि दोन-चार दिवसांनी नळी फुटून चक्कर येऊन पडते. तो तुकडा सलाइनमध्ये धरला तर त्यात अंकुर नाहीत हे बहुधा लगेच लक्षात येतं. त्यामुळे घरी काही पडलं असेल तर ते स्वच्छ डब्यात घालून दवाखान्यात आणावं. टाकून देऊ नये.

अंकुर सापडले नाहीत, मग पुढे काय? इथे रक्त पुन्हा मदतीला येतं. पिशवी रिकामी केल्यावर १२ ते २४ तासांत एचसीजी पुन्हा मोजायचं. ते निम्म्याने किंवा त्याहून अधिक घसरलं तर गर्भ बहुधा पिशवीतलाच होता आणि निघून गेला; तरी लक्ष ठेवायचं. ते तसंच राहिलं किंवा वाढलं तर पिशवीत काही उरलंय किंवा गर्भ नळीत आहे, आणि उपचार हवेत. म्हणजे नुसत्या तुकड्याची अचूकता विचारणं हेच अपुरं. तुकडा आणि दुसऱ्या दिवशीचं रक्त ही जोडी मिळून एक तपासणी आहे. क्युरेटिंग करून त्याच संध्याकाळी घरी पाठवलं आणि दुसऱ्या दिवशीचं रक्त राहून गेलं, तर निम्मीच तपासणी झाली.

मग प्रत्येकीचं क्युरेटिंग करावं का? २०२१ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात आलेल्या अमेरिकी चाचणीने या वादात बऱ्यापैकी उजेड पाडला. बारा केंद्रांतल्या २५५ बायका, सगळ्यांचा गर्भ कुठे ते अनिश्चित आणि एचसीजी रेंगाळलेलं. एका गटात नुसती वाट पाहिली, दुसऱ्यात पिशवी रिकामी करून गरज पडल्यास मेथोट्रेक्सेट दिलं, तिसऱ्यात थेट मेथोट्रेक्सेट. सक्रिय उपचारांच्या दोन गटांत मिळून ५१.५ टक्के जणींचा प्रश्न ठरवलेल्या मार्गानेच सुटला. वाट पाहणाऱ्यांत ३६ टक्के. दोन सक्रिय मार्गांत मात्र थेट औषध हे पिशवी रिकामी करण्याहून उणं ठरलं नाही. आणि मला सगळ्यात बोलका वाटला तो आकडा वेगळाच: पिशवी रिकामी करण्याच्या गटात नाव निघालेल्या जवळपास निम्म्या बायकांनी त्याला नकार दिला. बायकांना काय हवं ते डॉक्टरांच्या तक्त्यात बसतंच असं नाही.

ही चाचणी आपल्या जिल्ह्याला जशीच्या तशी लागू करता येत नाही, आणि कारण वैद्यकीय नाही. मेथोट्रेक्सेट दिल्यावर चौथ्या आणि सातव्या दिवशी एचसीजी मोजावं लागतं; सातव्या दिवशी ते चौथ्याहून किमान १५ टक्के उतरलेलं हवं, आणि पुढेही ते शून्यावर येईपर्यंत दर आठवड्याला रक्त द्यावं लागतं. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची जोडपी दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात. फडात असलेल्या बाईने सातव्या दिवशी नेमकं कुठे आणि कुणाबरोबर रक्त द्यायला जायचं? खाड्याचे पैसे कापले जातात. तिच्यासाठी एका मुक्कामात नीट केलेलं क्युरेटिंग, भांड्यात पाहिलेला तुकडा आणि दुसऱ्या दिवशीचं रक्त हे औषधापेक्षा कितीतरी सुरक्षित ठरू शकतं. जिथे परत येण्याची खात्री नाही, तिथे लवकर उत्तर देणाऱ्या तपासणीची किंमत वाढते. शहरासाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकांत हा मुद्दा सापडणार नाही.

सोनोग्राफीचीही एक स्थानिक अडचण आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वात आधी कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. कायदा हवाच होता आणि हवाच आहे. पण त्यामुळे यंत्र बहुतेक वेळा नोंदलेल्या पत्त्यावरच राहतं, गाडीत घालून अकोले तालुक्यातल्या डोंगरवाड्यांत सहज नेता येत नाही. मग बाईलाच यंत्राकडे यावं लागतं, संगमनेरला, लोणीला किंवा नगरला. लोणीचं प्रवरा आणि विळद घाटातलं विखे पाटील वैद्यकीय महाविद्यालय असल्याने जिल्हा तसा नशीबवान. विकृतीशास्त्र विभाग घरात असलेली अशी रुग्णालयं प्रत्येक जिल्ह्याला नाहीत. अंतराचं दुखणं मात्र तसंच आहे. क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, चौदा तालुके. जामखेडहून नगर गाठायलाच पाऊणशे किलोमीटर.

आणि संशय कुणावर घ्यायचा, हे आधी सुचलं तरच पुढचं सगळं. महाराष्ट्रात जवळपास निम्म्या विवाहित बायकांचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं असतं. ऑपरेशननंतर दिवस राहणं दुर्मीळ, पण राहिलेच तर सुमारे तिघींतल्या एकीचा गर्भ नळीत असतो. ‘माझं तर ऑपरेशन झालंय’ असं बाई सांगते आणि लघवीची तपासणीच होत नाही. दुसरं कारण जुना जंतुदोष. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के जणींना स्त्रीरोग निघाले आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. न तपासलेला जंतुदोष नळीला आतून चिकटवतो आणि गर्भ वाटेत अडकतो. क्षयाचंही तेच. जननेंद्रियांच्या क्षयात नळ्या जवळपास सगळ्याच रुग्णांत बाधित असतात, पिशवीचं अस्तर मात्र निम्म्याच्या आसपासच. म्हणून वंध्यत्वासाठी पिशवीचा तुकडा ‘नॉर्मल’ आला तरी नळ्या शाबूत आहेत असं ठरत नाही. दोष नळीत आणि नमुना पिशवीतून, ही अडचण दोन्हीकडे तीच.

तिसरं कारण औषधाच्या दुकानातलं. गर्भपाताच्या गोळ्या सोनोग्राफीशिवाय घेतल्या तर पिशवीतला गर्भ पडतो, नळीतल्यावर त्यांचा भरवशाचा परिणाम होत नाही. पण त्या रक्तस्राव घडवतात, आणि रक्तस्राव झाला म्हणजे काम झालं असं वाटतं. वर सांगितलेला तिकोनी तुकडाही पडू शकतो.

एक मर्यादा ठळकपणे सांगायला हवी. बाई पांढरीफटक पडलीय, नाडी वेगाने चाललीय, पोट फुगलंय आणि लघवीची चाचणी पॉझिटिव्ह आहे, तर पिशवीचा तुकडा, एचसीजीचा आकडा, काही काही नको. तिची जागा ऑपरेशन थिएटरात, हाताशी रक्ताच्या बाटल्या ठेवून. १०८ ची गाडी बोलवायची आणि रक्तपेढी असलेल्या ठिकाणीच न्यायचं. शल्यचिकित्सक लॉसन टेट यांनी १८८३ मध्ये फुटलेली नळी काढून बाई वाचवून दाखवली. तेव्हापासून या अवस्थेचा उपाय बदललेला नाही. नमुन्याची अचूकता हा विषय फक्त स्थिर असलेल्या बाईसाठी आहे.

उलट टोकाला टेस्ट ट्यूब बेबी. नगर-संगमनेरातही आता ही केंद्रं आहेत. नैसर्गिक गर्भधारणेत एक गर्भ पिशवीत आणि एक नळीत, असं तीस हजारांत एखाद्या वेळी होतं; या उपचारांत ते कितीतरी अधिक वेळा होतं. तिथे पिशवीत अंकुर सापडले म्हणजे नळी मोकळी, हा आपला एकमेव ठाम निष्कर्षही सैल पडतो.

राहिला संमतीचा प्रश्न. गर्भ जगणारा आहे की नाही हे पक्कं होण्याआधी पिशवी साफ केली, तर ती तपासणी उरत नाही, गर्भपात ठरतो. १९७१ च्या कायद्यानुसार सज्ञान बाईची स्वतःची संमती त्यासाठी पुरते आणि तीच लागते, नवऱ्याची किंवा सासूची नाही. शेजारच्या बीडमध्ये ऊसतोड बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, तेव्हापासून ‘पिशवी’ म्हटलं की घरांत धास्ती असते, आणि ती अनाठायी नाही. म्हणून तुकडा का काढायचा, न सापडल्यास दुसऱ्या दिवशी रक्त का द्यायचं आणि थांबलं तर काय होऊ शकतं, हे मराठीत, बाईला समोर बसवून सांगायला हवं.

पिशवी साफ करून घरी आलेल्या प्रत्येकीने तीन कागद मागून घ्यावेत: तुकड्याचा अहवाल, आधीचं आणि नंतरचं बीटा एचसीजी, आणि रक्तगट. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीच्या इंजेक्शनबद्दल विचारावं. अहवालात अंकुर दिसले नाहीत असं लिहिलं असेल आणि पोटात किंवा खांद्यात कळ आली, चक्कर आली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठावा.